नवतपा सोसणारी कोरलची टाकी, २५ हजारांत

नागपूरच्या मानेवाड्याहून तुम्ही विचारलं आहे: घरात अडीच फुटी काचेची टाकी रिकामी पडली आहे, हातात २५,००० रुपये आहेत आणि एक विक्रेता मुंबईहून हॅमर, टॉर्च आणि अ‍ॅक्रोपोरा या कोरलचे, म्हणजे जिवंत प्रवाळांचे, तुकडे मागवून द्यायला तयार आहे. एवढ्या पैशांत रंगांनी भरलेला कोरलचा संग्रह उभा राहील का, आणि सुरुवात कशाने करावी?

संग्रह उभा राहील. त्या तिन्हींपैकी एकही त्यात नसेल, आणि पहिला तुकडा टाकीत उतरायला किमान तीन महिने लागतील. मी १४ वर्षं धरमपेठेतल्या घरी खाऱ्या पाण्याची टाकी ठेवते आहे. पहिल्या वर्षी मी नेमकं तेच केलं होतं जे तुम्ही करायला निघाला आहात. टाकी भरून पंधरा दिवसही झाले नव्हते आणि थर्माकोलच्या खोक्यात सात तुकडे रात्रीच्या गाडीने आले. एप्रिल होता. महिनाभरात सातही गेले. जिवंत, उघडमीट करणारा झेनिया नावाचा मऊ कोरल दोन दिवसांत चिकट पाणी होऊन जातो, ते मी टाकीसमोर बसून पाहिलं आहे. म्हणून हे उत्तर लांब होणार आहे.

आधी कायद्याचं बोलू, कारण विक्रेता ते बोलणार नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत, २००१ पासून प्रवाळही आहेत. खडक बांधणारे सगळे कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि सगळे समुद्रपंखे त्यात येतात. हॅमर, टॉर्च, अ‍ॅक्रोपोरा, माँटिपोरा, गोनिओपोरा, ब्रेन ही सगळी कठीण प्रवाळांतली नावं आहेत. समुद्रघोडे आणि समुद्रकाकडी त्याच यादीत आहेत. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आणि पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षांचा कारावास आहे. ‘हे टाकीत वाढवलेलं आहे, समुद्रातलं नाही’ असं विक्रेता म्हणेल. त्या वाक्याला कागद लागतो, आणि मला आजवर असा कागद एकाही विक्रेत्याने दाखवलेला नाही. जुन्या दुकानांत शोभेला ठेवलेले पांढरे प्रवाळाचे सांगाडेही घेऊ नका. ते मेलेले असले तरी कायदा तोच.

यात मला नुसती शिक्षेची भीती नाही. मालवणच्या समुद्रात, आपल्याच राज्यात, प्रवाळ आहेत. तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक नावाचं बुडालेलं पठार प्रवाळांनी भरलेलं आहे. पाणी तापून जगभरचे प्रवाळ पांढरे पडत असताना आपल्या दिवाणखान्यासाठी एक फांदी तोडली जावी, हे मला सहन होत नाही.

आता तुमच्या उपयोगाचं. कायदा ज्यांना हात लावू देत नाही तेच प्रवाळ महाग आहेत, तेच नाजूक आहेत, आणि त्यांनाच कॅल्शियम, कार्बोनेट, मॅग्नेशियम रोज मोजून द्यावं लागतं. मश्रूम, झुआ, लेदर, झेनिया, केनिया ट्री हे मऊ प्रवाळ आणि तसेच मऊ अंगाचे जीव कठीण प्रवाळांच्या गटात येत नाहीत. त्यांना दगडी सांगाडा बांधायचा नसतो, म्हणून पाण्यातले क्षार ते फारसे उपसत नाहीत. ते लवकर वाढतात, कापले तर दोनाचे चार होतात, आणि नागपूरचा उन्हाळा कठीण प्रवाळांपेक्षा बरा सोसतात. आपल्या गावात कायद्याचा, खिशाचा आणि हवामानाचा रस्ता एकच निघतो. मात्र मऊ कोरलही कुणाच्या तरी टाकीत वाढलेलं आणि कापलेलं घ्या. खालचा दगड समुद्रातून उचललेला दिसला तर सोडून द्या.

आता नागपूरचा खरा प्रश्न, म्हणजे तापमान. माझी निम्मी मेहनत आणि तुमच्या पैशातला निम्मा विचार इथेच जाणार आहे.

प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म एकपेशीय शैवाल राहतं. उजेडात ते साखर बनवतं आणि प्रवाळाचं बहुतेक पोट त्यावर भरतं. पाणी तापलं की ही भागीदारी मोडते. प्रवाळ शैवालाला बाहेर टाकतो, रंग जातो आणि तो उपाशी मरायला लागतो. टाकीचं पाणी २५ ते २७ अंशांवर ठेवायचं. मऊ कोरल २९ अंश काही दिवस काढतात. ३१ च्या वर आठवडा गेला तर मी कशाचीच हमी देत नाही. आणि आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ असतं, पंखा लावलेल्या खोलीत ३७-३८.

पाणी थंड करणारा चिलर घ्यायचा म्हटलं तर तुमचं सगळं बजेट त्या एका यंत्रात जाईल. घेऊ नका. आपल्या घरात वाळ्याच्या ताटीने आणि माठाने जे काम पिढ्यान्‌पिढ्या केलं तेच टाकीवर करायचं. संगणकाचे १२ व्होल्टचे दोन पंखे टाकीच्या काठावर असे बसवा की वारा पाण्याच्या पृष्ठभागावरून आडवा जाईल. टाकीवर काचेचं झाकण नको. मासे उडी मारतात म्हणून बारीक जाळी ताणा.

हिशेब करून पाहा. तुमची टाकी अडीच फूट लांब, सव्वा फूट रुंद, दीड फूट उंच असेल तर दगड धरून तिच्यात ११० लिटरच्या आसपास पाणी बसेल. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता जाते, म्हणजे ११० लिटरचे पाच अंश. उलट लोक जी बर्फाची एक लिटरची बाटली टाकीत सोडतात ती वितळून जेमतेम एक अंश उतरवते, आणि दोन तासांनी तापमान परत चढतं. प्रवाळाला या चढउताराचा त्रास फार होतो. बाटली संकटासाठी फ्रीजरमध्ये राहू द्या, रोजच्या कामाला नको.

पंख्याने पाणी किती उतरेल हे हवेतल्या ओलाव्यावर ठरतं. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून वाऱ्यात धरलं तर जो आकडा येतो, त्याच्या खाली पंखा पाणी नेऊ शकत नाही. मे महिन्यात ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असताना हा आकडा २३ च्या आसपास येतो. जुलैत ३१ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असताना तोच आकडा २९ असतो. म्हणून नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या तापलेल्या नऊ दिवसांत, माझी टाकी २७ वर शांत बसलेली असते, आणि पाऊस लागून घाम सुकेनासा झाला की ३० कडे सरकते. नवे लोक मे पार झाला म्हणून निश्चिंत होतात आणि त्यांचे कोरल जुलैत जातात. सप्टेंबरअखेरपर्यंत निश्चिंत होऊ नका.

पावसाळ्यातला उपाय टाकीतली उष्णता कमी करण्याचा आहे. दिवे दुपारी न लावता संध्याकाळी सहा ते रात्री दोन लावा. प्रवाळाला घड्याळ बदललेलं चालतं, फक्त ते रोज तेच हवं. पंप लहान ठेवा. खिडक्या समोरासमोर उघड्या ठेवा. घरात एसी असलेली खोली असेल तर टाकी त्याच खोलीत मांडा आणि हा सगळा ताण अर्धा करा. कूलरच्या खोलीत ठेवणार असाल तर कूलरच्या झोताच्या बाजूला ठेवा आणि हवा बाहेर जायला वाट ठेवा. कूलर खोली थंड करतो, पण हवा ओली करतो, आणि बंद खोलीत टाकीवरचे पंखे निकामी होतात.

दोन रिले असलेला डिजिटल थर्मोस्टॅट घ्या, एका बाजूला पंखे आणि दुसऱ्या बाजूला हीटर. हो, हीटर. डिसेंबर-जानेवारीत आपल्या रात्री दहाच्या खाली जातात. १०० वॉटचा पुरेल. थर्मोस्टॅटला पंखे २७ ला सुरू आणि हीटर २५ ला सुरू असं सांगून ठेवलं की तो विषय संपला.

पंख्याची किंमत पाण्यात मोजावी लागते. मे महिन्यात माझ्या टाकीतून रोज साडेतीन लिटर उडतं. पाणी उडतं, मीठ उडत नाही. ११० लिटरच्या टाकीत तीन दिवस पाणी टाकलं नाही तर खारेपणा हजारात ३५ भागांवरून साडेअडतीसच्या वर जातो. म्हणून रोज गोडं आरओ पाणी भरायचं, खारं नव्हे. यंत्र घ्यायची गरज नाही. मेडिकलमधून सलाईनचा सेट आणा. उंचावर झाकणाची बरणी, तिला नळी, आणि चाकाने थेंब कमीजास्त करा. साध्या सेटमध्ये वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो, तेव्हा बारा तासांत तीन लिटर द्यायचे तर मिनिटाला ऐंशीएक थेंब. बरणी एका दिवसाच्या उडण्याएवढीच ठेवा. चाक सटकून सगळी बरणी एकदम रिकामी झाली तरी टाकी सांडणार नाही आणि खारेपणा फार पडणार नाही.

वीज गेल्यावर काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण विचारायला हवा होता. एका मे महिन्यात दुपारी आमच्या भागातली वीज सात तास गेली. मी बाहेरगावी होते. इन्व्हर्टरवर घरातले दिवे आणि पंखे चालू होते, टाकीची तार मात्र साध्या लाइनवर होती. पाणी थांबलं, प्राणवायू संपला, आणि रात्री घरी आले तेव्हा दोन मासे आणि अर्धे कोरल गेले होते. दहा वॉटचा वेव्हमेकर (टाकीतलं पाणी हलवणारा पंप) आणि दोन छोटे पंखे इन्व्हर्टरला काहीच जड नाहीत. टाकी आली त्या दिवशी पहिलं काम म्हणजे इलेक्ट्रिशियनला बोलावून तिचा एक पॉइंट इन्व्हर्टरवर घ्या. दिवे आणि हीटर त्यावर नकोत.

पाणी. पेंच किंवा कन्हानचं नळाचं पाणी पिण्याला उत्तम आहे, प्रवाळाला नाही. त्यात क्लोरीन आहे, सिलिकेट आहे, थोडं फॉस्फेट असतं, आणि बोअरचं असेल तर कडकपणा. घरचा आरओ वापरता येतो, पण एक गोष्ट पाहा. बहुतेक घरगुती यंत्रांत चव यावी म्हणून थोडं कच्चं पाणी परत मिसळणारा टीडीएसचा (विरघळलेल्या क्षारांचा) नॉब असतो आणि वर खनिजांची नळी असते. नॉब पूर्ण बंद करा, नळी काढा, आणि शेवटी उरलेले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनची एक नळी जोडा. टीडीएस मीटरवर शून्य दिसलं पाहिजे. दोन-तीन आकडा दिसला की रेझिन बदला. वाया जाणारं पाणी फरशी पुसायला वापरा. कूलरमध्ये टाकू नका, ताट्यांवर क्षार चढतात.

मीठ ब्रँडेड रीफ सॉल्टच, म्हणजे प्रवाळाच्या टाकीसाठी बनवलेलं समुद्री मीठच घ्या. स्वयंपाकाच्या मिठाने समुद्र होत नाही. लिटरला ३६ ते ३८ ग्रॅम लागतं. पहिल्यांदा टाकी भरायला चार किलो, आणि नंतर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचं तर महिन्याला दीड-दोन किलो. खारेपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर, आणि तो साध्या पाण्याने शून्यावर आणून भागत नाही. शुद्ध, आयोडीन नसलेलं सोडियम क्लोराइड ३६.५ ग्रॅम आणि टीडीएस शून्य पाणी ९६३.५ ग्रॅम असं वजन करून मिसळा. या द्रावणाला रिफ्रॅक्टोमीटरने ३५ दाखवायला हवं. नसेल दाखवत तर स्क्रूने तिथे आणा. विकतच्या कॅलिब्रेशन बाटलीचे पैसे वाचतात आणि हे द्रावण घट्ट झाकणात अनेक महिने टिकतं.

दगड. समुद्रातला ‘लाइव्ह रॉक’ नको, कारण तो बहुतेक वेळा प्रवाळाचाच दगड असतो. सच्छिद्र सिरॅमिक घ्या, किंवा पांढरं सिमेंट, शिंपल्यांचा चुरा आणि जाडं मीठ मिसळून मी करते तसे ओबडधोबड दगड ओतून घ्या. मीठ नंतर पाण्यात विरघळून जातं आणि भोकं राहतात. असे दगड दीड-दोन महिने पाणी बदलत भिजवावे लागतात, नाहीतर सिमेंटमुळे पीएच वर जातो. हे आजच सुरू करा. बाकीचं सामान जमेपर्यंत दगड तयार होतील. वर्षभराने त्यावर जांभळट शैवाल चढलं की कुणाला ते घरी ओतलेले आहेत हे ओळखू येत नाही.

टाकी ‘बसवणं’ म्हणजे दगडांवर जिवाणूंची वस्ती करणं. माशांच्या विष्ठेचा अमोनिया एक जातीचे जिवाणू नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट करतात. याला चार ते सहा आठवडे लागतात आणि त्याला फाटा नाही. सुरुवातीला अमोनिया द्यायला लोक कोळंबीचा तुकडा कुजवतात. घरात वास सहन होत नाही आणि मात्रा कळत नाही. त्यापेक्षा अमोनियम क्लोराइड घ्या. हा आपला नवसागर. पण कल्हईवाल्याकडचा नको, त्यात धातू असू शकतात आणि तांबं प्रवाळाला विष आहे. प्रयोगशाळेच्या दर्जाचा घ्या. ११० लिटरला पाऊण ग्रॅमच्या थोडं आत टाकलं की अमोनिया लिटरला दोन मिलिग्रॅम होतो. तो आणि नायट्राइट दोन्ही चोवीस तासांत शून्यावर येऊ लागले की टाकी बसली.

त्यानंतर दोन लहान क्लाउनफिश सोडा. टाकीत पैदास केलेले मागा. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने त्यांच्या पैदाशीचं तंत्र फार पूर्वी बसवलं आहे, आणि अशी पिल्लं समुद्रातून पकडलेल्यांपेक्षा काटक असतात. मासे महिनाभर राहू द्या. कोरल त्यांच्या नंतर.

उजेडावर लोक सगळ्यात जास्त वाद घालतात आणि मऊ कोरलला त्यातलं फार थोडं लागतं. निळ्यावर भर असलेला, ४५० नॅनोमीटरच्या आसपासचे एलईडी असलेला, मंद-तेज करता येणारा साधा दिवा घ्या. दिवसाला आठ तास, सुरुवातीला तीस टक्क्यांवर, दर आठवड्याला थोडा वाढवत. पाण्याच्या हालचालीला टाकीच्या दहा-वीस पट, म्हणजे तासाला हजार ते दोन हजार लिटरचा एक वेव्हमेकर पुरे. झोत कोरलवर सरळ मारू नका. वेव्हमेकरचं चुंबक दर दोन महिन्यांनी काढून पाहा. आवरण तडकून आतलं लोखंड गंजलं की टाकीभर विष पसरतं.

स्किमर, रिअ‍ॅक्टर, डोसिंग पंप काहीच नको. पाणी फार स्वच्छ करण्याच्या नादाने मऊ कोरल उपाशी राहतात. लिटरला नायट्रेट ५ ते १५ आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम असू द्या. नायट्रेट शून्यावर आणलेल्या टाक्यांत मी तपकिरी, बुडबुड्यांच्या चिकट थराचा उपद्रव पाहिला आहे. कार्बोनेट क्षारता, म्हणजे पाण्यातलं कार्बोनेट, ८ डीकेएचच्या (हे तिचं एकक) आसपास ठेवा. ती हळूहळू उतरते. उतरली तर ११० लिटरला सव्वातीन ग्रॅम खाण्याचा सोडा, साध्या आरओ पाण्यात विरघळवून, एक डीकेएच वाढवतो. बेकिंग पावडर नव्हे, सोडाच. एका दिवसात एकापेक्षा जास्त वाढवू नका.

आता ज्यासाठी हे सगळं, ते कोरल.

पहिला तुकडा मश्रूमचा घ्या. लाल किंवा हिरवा डिस्कोसोमा. हा अंधूक उजेडात राहतो, तापमान सोसतो, आणि निळ्या दिव्यात अंगारावर फुंकर घातल्यासारखा पेटतो. टाकीत खाली, झोत कमी असेल तिथे ठेवा. तो फुगून ताटलीएवढा झाला म्हणजे पाणी जमलं आहे असं समजा. आक्रसून बटणाएवढा राहिला तर दुसरा तुकडा घेऊ नका, आधी खारेपणा, तापमान, डीकेएच मोजा. माझ्यासाठी मश्रूम हाच सगळ्यात विश्वासू टेस्ट किट आहे.

महिन्याभराने दोन-तीन रंगांचे झुआ घ्या, प्रत्येकी तीन-चार तोंडांचे (तोंड म्हणजे फुलासारखा एकेक जीव). झुआंच्या रंगांना लोक भारी नावं देऊन एका तोंडाला हजारो रुपये मागतात. नाव विकत घेऊ नका. साधा हिरवा, केशरी काठाचा, जांभळ्या बुंध्याचा, हे तीन शेजारी वाढले की गालिचा होतो. वर्षभरात तीन तोंडांची पंधरा-वीस झालेली मी दर वेळी पाहिली आहेत.

मग एक सार्कोफायटन, ज्याला टोडस्टूल लेदर म्हणतात. एकच. तो मोठा होतो आणि पाण्यात रसायनं सोडून शेजाऱ्यांची वाढ रोखतो. म्हणून जाळीच्या पिशवीत मूठभर अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन ठेवा आणि महिन्याने बदला. हा कोरल अधूनमधून आठवडाभर मिटतो, अंगावर मेणासारखी साय धरतो. मेला असं वाटतं. हात लावू नका. साय झडून जाते आणि तो पूर्वीपेक्षा मोठा उघडतो. शेवटी झेनिया, एका सुट्या दगडावर, बाकी दगडांपासून चार बोटं अंतर ठेवून. तो गवतासारखा पसरतो आणि एकदा मुख्य दगडावर चढला की निघत नाही. तरीही ठेवा. त्याचे पंजे मुठीसारखे उघडतात-मिटतात, आणि त्याच्यासमोर बसल्यावर माझी उठायची इच्छा होत नाही.

एक इशारा, आणि तो मनापासून ऐका. झुआ आणि विशेषतः त्यांचे मोठे तपकिरी भाऊ पॅलिथोआ यांच्यात पॅलिटॉक्सिन नावाचं अत्यंत जहाल विष असू शकतं. हाताला जखम असेल तर तो हात टाकीत घालू नका. कापताना हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच, पिचकारी उडते. झुआ असलेला दगड कधीही उकळत्या पाण्यात टाकू नका, गरम पाण्याने घासू नका. त्या वाफेने कुटुंबंच्या कुटुंबं इस्पितळात गेली आहेत. लहान मूल घरात असेल तर पॅलिथोआ घेऊच नका.

टाकीच्या खोलीत डासांची कॉइल, लिक्विड, फवारा यातलं काहीही नको. डास मारणारी औषधं खेकडे, कोळंबी आणि प्रवाळ यांनाही मारतात, आणि पृष्ठभागावर वारा घालणारे पंखे ती सरळ पाण्यात ढकलतात. खिडक्यांना जाळ्या लावा.

संग्रह स्वस्तात वाढतो तो कापण्यामुळे. मश्रूम चांगला फुगला की खाऱ्या पाण्याच्या वाटीत काढा आणि नव्या ब्लेडने तोंडावरून मधोमध कापा, दोन किंवा चार भाग. प्रत्येक भागाला तोंडाचा अंश आला पाहिजे. भाग लगेच गोंदाला धरत नाहीत, म्हणून एका डब्यात शिंपल्याचे जाडे तुकडे भरा, त्यावर मश्रूमचे भाग ठेवा, वर कांद्याच्या पिशवीची धुतलेली जाळी ताणा आणि डबा टाकीत कमी झोताला ठेवा. दहा-पंधरा दिवसांत ते शिंपल्यांना चिकटतात. मग शिंपला सुपरग्लू जेलने दगडावर डकवा. जेलच घ्या, पातळ गोंद पाण्यात पसरतो. लेदरची फांदी कापून रबरबँडने दगडाला हलकी बांधली की दोन आठवड्यांत धरते. झेनियाला काही करावं लागत नाही, शेजारी रिकामा दगड ठेवा, तो स्वतः जातो. एका वेळी एकाच जातीचं कापा, आणि त्यानंतर दोन दिवस नवा कार्बन ठेवा.

कापलेल्यातला निम्मा वाटून टाका. वीज गेली त्या मे नंतर माझ्या टाकीत केशरी झुआचं एकही तोंड उरलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी मी त्यातला तुकडा कामठीच्या एका मुलाला दिला होता. त्याने त्याच जातीची पंचवीस तोंडं डब्यात घालून आणून दिली. आज माझ्याकडे आहे तो त्याचाच वंश. नागपुरात कोरल ठेवणारी माणसं थोडी आहेत आणि समुद्र शेकडो किलोमीटरवर आहे. एकमेकांच्या टाक्या हीच आपली बँक. बदल्यात तुम्हाला जे तुकडे मिळतील ते नागपूरच्या पाण्यावर, नागपूरच्या उन्हाळ्यात जगलेले असतील, आणि मुंबईहून आलेल्या तुकड्यांपेक्षा माझ्याकडे तेच जास्त टिकले आहेत.

नवा तुकडा कुठूनही आला तरी टाकीतल्या पाण्याच्या वाटीत दहा मिनिटं हलवून, भिंगाखाली पाहून मगच घाला. काचेसारख्या पारदर्शक, लांब बोटांचं लहान फूल दिसलं तर तो एप्टेशिया. तो आत गेला तर एकाचे शंभर होतात. टाकीत सापडलाच तर चुन्याच्या निवळीखालचा दाट गाळ सिरिंजमध्ये घेऊन, पंप बंद करून, त्याच्या तोंडावर सोडा. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा चुना हवा, पानाच्या डबीतला नको.

पैशांची वाटणी मी अशी करीन. दिव्याला आठ हजार. रेझिन, टीडीएस मीटर आणि रिफ्रॅक्टोमीटरला तीन. वर्षाच्या मिठाला सात. वेव्हमेकर, हीटर, थर्मोस्टॅट, पंखे यांना मिळून तीन. टेस्ट किट चारच, डीकेएच, नायट्रेट, नायट्राइट आणि अमोनियाचा, दोन हजारांत बसवा. फॉस्फेटचा नंतर. उरलेल्या दोन हजारांत मासे आणि कोरल. कोरलला एवढे कमी पाहून तुम्हाला वाईट वाटेल हे मला कळतं. पण त्यातला झुआ आणि लेदर तेवढा विकत घ्यायचा आहे. मश्रूम आणि झेनिया मी देते.

दगड ओतले की कळवा. टाकी बसून मासे महिनाभर नीट राहिले की कुठल्याही रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत या. येताना घट्ट झाकणाचा डबा आणि तुमच्या टाकीतलं लिटरभर पाणी आणा. आधी ते पाणी माझ्या टेबलावर मोजू, आणि आकडे जमले तर त्याच पाण्यात लाल मश्रूमचे दोन तुकडे घालून देईन.